“दोन कागद केले की लग्नाइतकंच” हे खरं आहे का?

प्रश्न विचारणाऱ्या ताई पुण्यात राहतात. दोघी जणी बरीच वर्षं एकत्र आहेत. फ्लॅट जोडीदाराच्या एकटीच्या नावावर आहे, हप्ते दोघी मिळून भरतात आणि जोडीदाराच्या घरच्यांना हे नातं मान्य नाही. त्यांनी लिहिलंय: “सर्वोच्च न्यायालयाने नाही म्हटलं, पुनर्विचार याचिकाही फेटाळली. मग समलिंगी विवाहाचा वाद ओढत बसण्यात काय अर्थ आहे? आमचा एक मित्र म्हणतो, मृत्युपत्र आणि मुखत्यारपत्र करा, लग्नाने मिळतं तेवढं सगळं मिळेल. थायलंडला जाऊन लग्न करावं असंही मनात येतं. काय करावं?”

मी वकिली करते. मृत्युपत्रं, वारसांचे दावे, सोसायटीतली नावं बदलणं हे माझं रोजचं काम, आणि त्यात समलिंगी जोडपीही येतात. तुमचा मित्र अर्धा बरोबर आहे. कागद कराच, आणि लवकर करा. पण “लग्नाइतकंच” हे अजिबात खरं नाही, आणि ते का नाही हे कळलं की वाद ओढण्यात काय अर्थ आहे या प्रश्नाचंही उत्तर मिळतं.

आधी न्यायालयाने नेमकं काय म्हटलं ते पाहू, कारण त्याबद्दल बराच गोंधळ दिसतो. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये नवतेज जोहर प्रकरणात कलम ३७७ मधून प्रौढांचे संमतीचे संबंध वगळले गेले. त्यामुळे तुम्ही गुन्हेगार नाही, एवढं ठरलं. १७ ऑक्टोबर २०२३ ला सुप्रियो प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एकमताने सांगितलं की विवाहाचा मूलभूत हक्क घटनेत नाही आणि विशेष विवाह कायद्याचा अर्थ ताणून त्यात समलिंगी जोडपी बसवता येणार नाहीत. मतभेद झाला तो पुढच्या मुद्द्यावर. सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्या. कौल म्हणाले की अशा सहजीवनाला कायदेशीर मान्यता मिळण्याचा हक्क आहे आणि दत्तक घेण्यातला अडथळाही काढावा. न्या. भट, न्या. कोहली आणि न्या. नरसिंह या तिघांनी ते मानलं नाही. पुनर्विचार याचिका ९ जानेवारी २०२५ ला फेटाळली गेली. म्हणजे न्यायालयाने विवाहाला बंदी केलेली नाही, हा विषय संसदेचा आहे असं सांगितलं आहे. संसदेने उद्या कायदा केला तर या निकालाची आडकाठी नाही.

आता मूळ मुद्दा. करार दोघींना बांधतो. लग्न दोघींना तर बांधतंच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते तिसऱ्याला बांधतं: सोसायटीच्या सेक्रेटरीला, बँकेच्या मॅनेजरला, आयकर अधिकाऱ्याला, हॉस्पिटलच्या काउंटरवरच्या माणसाला, सख्ख्या भावाला. नवराबायकोला यांच्यापैकी कुणापुढेही आपलं नातं सिद्ध करत बसावं लागत नाही, दाखला पुढे केला की संपलं. तुम्हाला प्रत्येक ठिकाणी वेगळा कागद लागतो, आणि काही ठिकाणी कुठलाच कागद चालत नाही.

तुमच्या फ्लॅटचंच उदाहरण घेऊ. समजा त्याची किंमत ७० लाख आहे आणि जोडीदाराला त्यातला अर्धा हिस्सा आजच तुमच्या नावावर करायचा आहे. नवऱ्याने बायकोला राहतं घर बक्षीसपत्राने दिलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये, स्थानिक अधिभार वेगळा. तुम्ही मात्र कायद्याच्या नजरेत परक्या. ३५ लाखांवर खरेदीखतासारखं शुल्क लागेल. मूळ ५ टक्के धरले तरी पावणेदोन लाख, वर अधिभार. इथवर पैशांचंच नुकसान आहे. पुढचं जास्त बोचतं. “नातेवाईक” नसलेल्या व्यक्तीकडून वर्षाला ५० हजारांवर भेट मिळाली की ती आयकर कायद्यात घेणाऱ्याचं उत्पन्न धरली जाते. म्हणजे तो ३५ लाखांचा हिस्सा तुमच्या त्या वर्षीच्या उत्पन्नात! बायकोला यातला एक रुपयाही लागत नाही. या तरतुदीला एका समलिंगी जोडप्याने २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं आहे.

तिसरा काटा बहुतेकांना माहीतच नसतो. इतकी वर्षं तुम्ही हप्त्यांचे पैसे देताय. उद्या बिनसलं, किंवा जोडीदार गेली आणि तिच्या भावाने घर मागितलं, तर “घराचे निम्मे पैसे माझे आहेत, म्हणून निम्मं घर माझं” असं तुम्ही म्हणायला जाल. समोरचा वकील बेनामी व्यवहारांचा कायदा पुढे करेल. एकाने पैसे द्यायचे आणि घर दुसऱ्याच्या नावावर घ्यायचं हा बेनामी व्यवहार, आणि त्याच्या जोरावर मालकीचा दावा लावता येत नाही. जाहीर उत्पन्नातून नवऱ्याने बायकोच्या नावे घेतलेल्या घराला यातून सूट आहे. तुम्हाला नाही.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांना मी पहिलं हे सांगते की हप्त्यातला वाटा रोखीने देऊ नका, बँकेतून द्या आणि तो कशासाठी आहे हे लेखी ठेवा. तुम्ही जोडीदाराला दिलेलं कर्ज असेल तर कर्जाचा करार करा. हिस्सा विकत घेताय असं असेल तर खरेदीखत करा. घर बँकेकडे गहाण आहे, तेव्हा बँकेचं ना-हरकत पत्र लागेल. बऱ्याच बँका सहकर्जदाराकडून रक्ताचं किंवा लग्नाचं नातं मागतात, सगळ्या मागतात असं नाही, तेव्हा विचारून पाहा. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे की समलिंगी व्यक्तींनी संयुक्त खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला कोणतीही मनाई नाही. शाखेतल्या माणसाला हे ठाऊक नसेल तर त्या पत्रकाची प्रत सोबत न्या, काम होतं.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात ताकदवान कागद म्हणजे मृत्युपत्र. त्यावर मुद्रांक शुल्क नाही आणि मृत्युपत्राने मिळालेल्या घरावर घेणाऱ्याला आयकर नाही. तुमची जोडीदार हिंदू आहे असं धरते. ती मृत्युपत्राशिवाय गेली तर हिंदू वारसा कायद्याच्या कलम १५ प्रमाणे अविवाहित स्त्रीची स्वकष्टाची मालमत्ता आईवडिलांना जाते, ते नसतील तर वडिलांच्या वारसांना, म्हणजे बहुधा भावंडांना. तुमचं नाव त्या यादीत कुठेच येत नाही, शेवटच्या ओळीतसुद्धा नाही.

पण ते मृत्युपत्र नीट हवं. एक गृहस्थ वहीचं पान घेऊन माझ्याकडे आले होते. त्यांचा जोडीदार अचानक हृदयविकाराने गेला होता. पानावर जोडीदाराच्याच अक्षरात तारीख, घराचा पत्ता आणि “हे घर माझ्यानंतर याचं” असं स्वच्छ लिहिलेलं. खाली सही. आणि साक्षीदार म्हणून एकच सही, ऑफिसातल्या मित्राची. भारतीय वारसा कायद्याचं कलम ६३ दोन साक्षीदार मागतं. दुसरी सही नाही, तर ते मृत्युपत्रच नाही. अविवाहित हिंदू पुरुषाची आई ही वर्ग १ ची वारस, सगळं घर आईचं झालं. आई काही दुष्ट नव्हती. तिने सामान हलवायला भरपूर वेळ दिला, नंतर घर विकलं. ज्या घराच्या स्वयंपाकघराच्या फरशा या माणसाने स्वतः निवडल्या होत्या, तिथून तो भाड्याच्या खोलीत गेला, आणि त्याच्या बाजूने न्यायालयात मांडायला माझ्याकडे काहीही नव्हतं. तो नवरा किंवा बायको असता तर वहीचं पान नसतानाही आईच्या बरोबरीने वारस म्हणून उभा राहिला असता. लग्नाची मागणी करणारे लोक बँडबाजा मागतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी या एका सहीचा विचार करावा.

तेव्हा दोन साक्षीदार, दोघेही तुमच्याहून वयाने लहान आणि पुण्यातच राहणारे असले तर उत्तम. ज्याला मालमत्ता मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये. आईवडिलांना किंवा भावाला का वगळलं किंवा त्यांना काय ठेवलं हे दोन वाक्यांत स्पष्ट लिहा, राग न दाखवता. घरच्यांचा विरोध आहे म्हणून डॉक्टरांचं “शुद्धीवर आणि समजून सही करते आहे” असं प्रमाणपत्र जोडा आणि दुय्यम निबंधकाकडे नोंदणी करा. नोंदणी सक्तीची नाही, पण विरोध असेल तिथे ती उपयोगी पडते. जोडीदार सही करायला जाईल तेव्हा तुम्ही बरोबर जाऊ नका. “दबावाखाली केलं” हा पहिला आक्षेप येतो, आणि तुम्ही तिथे नसलात की त्याची हवा तिथेच जाते.

इथे परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे. घर वडिलोपार्जित असेल तर फक्त स्वतःच्या हिश्श्यापुरतं लिहिता येतं. जोडीदार मुस्लिम असेल तर साधारणपणे एकतृतीयांशापेक्षा जास्त मालमत्ता वारसाबाहेरच्या व्यक्तीला मृत्युपत्राने जात नाही. मूळची गोव्याची असेल आणि आईवडील हयात असतील तर तिथल्या वारसा कायद्याने निम्मी मालमत्ता त्यांच्यासाठी राखीव राहते, आणि गोव्याचं अधिवास असलेल्या माणसाची गोव्याबाहेरची मालमत्ताही त्याच कायद्याखाली येते असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलंय. असं काही असेल तर मला मसुदा वेगळा करावा लागतो.

नॉमिनीबद्दल फार गैरसमज आहे. सोसायटीत, बँकेत, डिमॅटमध्ये तुमचं नाव घालाच. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे नॉमिनीला तात्पुरती सभासद करून घ्यावं लागतं, म्हणजे निदान दुसऱ्या दिवशी कुणी कुलूप लावणार नाही. पण नॉमिनी मालक नसतो, तो वारसांच्या वतीने सांभाळणारा असतो. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच पुन्हा सांगितलं. आयुर्विम्यात २०१५ च्या दुरुस्तीनंतर आईवडील, नवरा, बायको, मुलं यांना नॉमिनी केलं तर पैसे त्यांचेच होतात. त्या यादीत तुम्ही नाही, त्यामुळे विम्याचा उल्लेख मृत्युपत्रातही हवा. भविष्य निर्वाह निधीत आणखी अडचण आहे. आईवडील अवलंबून असतील तर ते “कुटुंब”, आणि कुटुंब असताना बाहेरच्या व्यक्तीचं नॉमिनेशन चालत नाही. ही अडचण कागद कितीही हुशारीने लिहिला तरी सुटत नाही.

आता मुखत्यारपत्र. तुमच्या मित्राचा भर यावर आहे आणि इथेच तो सगळ्यात जास्त चुकतो. करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे देणाऱ्याची बुद्धी स्थिर राहिली नाही की मुखत्यारपत्र संपतं. म्हणजे ती आयसीयूत बेशुद्ध असेल, ज्या क्षणी तुम्हाला ते लागेल, त्याच क्षणी त्याचा आधार जातो. त्याऐवजी दोन गोष्टी करा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केलेलं आणि २०२३ मध्ये सोपं केलेलं आगाऊ वैद्यकीय निर्देशपत्र करा: दोन साक्षीदार, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे सही, त्यात पालक म्हणून तुमचं नाव. ते फक्त जीवरक्षक उपचार थांबवण्यापुरतं आहे, साध्या शस्त्रक्रियेच्या संमतीसाठी नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये तर साध्या कागदावर सही करून कुणाही सज्ञान व्यक्तीला प्रतिनिधी नेमता येतं, नातं विचारत नाहीत. एखादा कायदा हे इतकं सहज करू शकतो, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. बाकी उपचारांसाठी, ती शुद्धीत असताना नेहमीच्या डॉक्टरांना दोघींनी जाऊन भेटा आणि फाइलवर तुमचं नाव आणि फोन लिहून घ्या. कायद्याचा हक्क नाही, पण रात्री दोन वाजता काउंटरवर फाइल उघडली जाते आणि तेव्हा उपयोग होतो.

इथपर्यंतचं थोडक्यात सांगायचं तर मृत्युपत्र, बँकेतून दिलेले पैसे, नॉमिनेशन आणि निर्देशपत्र एवढ्याने घर आणि ठेवी बऱ्याच अंशी सांभाळता येतात. कर, मुद्रांक, भविष्य निर्वाह निधी, दत्तक यांतलं काहीही त्याने सुटत नाही. आणि आणखी एक गोष्ट आहे, जिच्याबद्दल प्रेमात असताना कुणी बोलत नाही. मृत्युपत्र कधीही, तुम्हाला न सांगता, बदलता येतं. लग्न मोडताना पोटगी आहे, कौटुंबिक न्यायालय आहे. तुमच्यापैकी एकीने आजारी आईसाठी नोकरी सोडली आणि पाच वर्षांनी वेगळं व्हायची वेळ आली, तर तिच्या हातात काय? कागद मालमत्ता वाटतात. दोघींपैकी कमजोर बाजूला आधार देण्याचं काम विवाहाचा कायदा करतो.

म्हणून हा वाद सोडून देऊ नये असं मला मनापासून वाटतं. विरोधकांचं सगळंच मी उडवून लावत नाही. विशेष विवाह कायद्याचं कलम ४ सुरू होतं ते “कोणत्याही दोन व्यक्ती” असं म्हणून, पण पुढे मुलाचं वय २१ आणि मुलीचं १८ येतं, घटस्फोटाची काही कारणं फक्त पत्नीला आहेत, पोटगीही पत्नीलाच. न्यायालयाने एवढं सगळं नव्याने लिहायचं का, ही शंका रास्त होती. पण संसदेला ही अडचण नाही. बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी एप्रिल २०२२ मध्ये लोकसभेत मांडलेल्या खासगी विधेयकात वयाचा प्रश्न साध्या दुरुस्तीने सोडवला होता: दोघे पुरुष असतील तर २१, दोघी स्त्रिया असतील तर १८. मसुदा अवघड नाही. २०२३ मध्ये केंद्राने राज्यांची मतं मागवली तेव्हा राजस्थान, आंध्र आणि आसामने विरोध कळवला, महाराष्ट्राने आणखी चर्चा आणि वेळ हवा असं सांगितलं. ती चर्चा आपल्याकडे अजून नीट सुरूही झालेली नाही, आणि ती करायला आपल्याला कुणी अडवलेलं नाही.

परंपरेचा मुद्दा येतो. विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा, धोंडो केशव कर्व्यांनी पुण्यात गोदूबाईंशी पुनर्विवाह केला १८९३ साली, आणि तरीही त्यांच्यावर बहिष्कार पडला. कायद्याने समाजाचं मन एका रात्रीत बदललं नाही. पण कायदा नसता तर गोदूबाई कायद्याने त्यांच्या पत्नीच ठरल्या नसत्या.

काही जण म्हणतात, विवाह नको, वेगळी “नागरी भागीदारी” द्या. मिळाली तर मी नाही म्हणणार नाही. पण माझ्या कामाच्या अनुभवावरून त्यात मला एक धोका दिसतो. मुद्रांक, आयकर, बेनामी, विमा, भविष्य निर्वाह निधी अशा किती तरी कायद्यांत पती-पत्नी आधीच आहेत. विशेष विवाह कायदा बदलला तर ही बहुतेक दारं एका दुरुस्तीने उघडतात. वेगळं नातं निर्माण केलं तर प्रत्येक कायद्यात ते पुन्हा घालावं लागेल, आणि ज्या कायद्यात राहून जाईल तिथे तुमच्यासारख्यांना पुन्हा कोर्टाची पायरी चढावी लागेल. सुप्रियो निकालानंतर केंद्राने कॅबिनेट सचिवांची समिती नेमली आणि रेशनकार्डावर जोडीदाराला एकाच घरातलं धरा, जवळचे नातेवाईक नसतील तर मृतदेह जोडीदाराला द्या, अशा सूचना निघाल्या. चांगलं आहे. पण “जवळचे नातेवाईक नसतील तर” हे पुन्हा वाचा. भाऊ दारात आला की तुम्ही मागे. मद्रास उच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये कुटुंब स्थापन करायला विवाह हाच एक मार्ग नाही असं म्हटलं, त्याने धीर येतो, पण त्या निकालाने वारसाहक्क मिळत नाही.

थायलंडचं विचारलंत. तिथे जानेवारी २०२५ पासून असा विवाह होतो. आनंदासाठी जरूर करा. भारतात त्याने वारसा, कर, सोसायटी यांतलं काहीही बदलणार नाही. पुढे-मागे तो विवाह मान्य करणाऱ्या देशात नोकरीसाठी जायचं असेल तर तिथल्या व्हिसासाठी तो दाखला कामाला येऊ शकतो. त्या देशाचे नियम आधी पाहा.

घरच्यांनी पोलिसांत हरवल्याची तक्रार दिली तर घाबरू नका. दोघी सज्ञान आहात, जबाब स्वतः आणि एकांतात द्यायचा आग्रह धरा. अशा प्रकरणांत मन वळवण्यासाठी समुपदेशनाच्या नावाखाली दबाव आणू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये उच्च न्यायालयांना बजावलं आहे.

मृत्युपत्र दोघींनी करा, तुमच्या ठेवीही त्यात येऊ द्या, आणि ते याच महिन्यात करा, बाकीच्यासाठी ते थांबवू नका. फ्लॅटच्या हिश्श्यासाठी फ्लॅटचं मूळ खरेदीखत, कर्जाचं मंजुरीपत्र आणि हप्ते सुरू झाल्यापासूनची बँक स्टेटमेंट घेऊन आधी सीएकडे जा, मग वकिलाकडे. उलटं केलंत तर कराचा हिशेब बसवताना हिश्श्याच्या नव्या खरेदीखताचा मसुदा पुन्हा लिहावा लागेल.